दादाच्या गाण्याचं रसग्रहण

माझ्या भावाने आयुष्यात एकच गाणं लिहिलं आणि त्याचा अर्थ मी भरल्या सभेत चुकीचा सांगितला. एकतीस वर्षं मी शाळेत भाषा शिकवली. कवितेचा अर्थ सांगणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग, आणि त्यात माझा हात धरणारं कोणी नाही अशी माझी पक्की समजूत होती. दादाला बारीक, टोकदार आवाज ऐकू येईनासे झाले होते. ते त्याने गाण्यात सरळ लिहिलं होतं. मला ते कळायला सात महिने लागले आणि तेवढ्या काळात माई नावाच्या एका जुन्या गायिकेच्या सहा टेप कायमच्या वाया गेल्या. म्हणून हे लिहायला घेतलं आहे. निदान दादा कसा माणूस आहे हे तरी धड लिहिलं जावं.

दादाला त्याच्या नावाने कोणी हाक मारत नाही. घरात दादा, स्टुडिओत दादा. स्टुडिओच्या खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, तो सायकलवाला याच्याहून सहा वर्षांनी मोठा, तोही दादाच म्हणतो. दादाला त्यात काही वाटत नाही. लहानपणी शाळेत ‘माझी आई’ या विषयावर निबंध आला तेव्हा दादाने लिहिलं होतं, ‘माझी आई पाच फूट एक इंच आहे. तिचा उजवा गुडघा दुखतो. ती रोज साडेपाचला उठते.’ पुढे काहीच नाही. दहापैकी दोन गुण मिळाले. आईने निबंध वाचला आणि म्हणाली, ‘सगळं खरं आहे की.’ मी त्याच विषयावर दोन वर्षांनी दीड पान लिहिलं, त्यात आई म्हणजे सागर, आई म्हणजे सावली, आई म्हणजे काय काय होती. मला नऊ मिळाले. आमच्या दोघांच्या पुढच्या आयुष्याची दिशा तिथेच ठरली असं म्हणायला हरकत नाही.

तो रेकॉर्डिस्ट झाला. स्टुडिओ पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचा, मध्ये जाड काच. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून करडा रंग दिलेला. दादाचं म्हणणं, या ट्रेंचा उपयोग फारसा नाही, पण काढले तर मागची भिंत दिसेल. रेकॉर्डिंग सुरू झालं की खाली सायकलवाल्याच्या दुकानात एक लाल दिवा लागायचा, आणि तो हातोडा खाली ठेवून चहा प्यायला बसायचा. चाळीस वर्षांत त्याने किती चहा प्यायला असेल याचा हिशेब त्याच्या पोटाकडे बघून करता येतो.

यंत्र आमच्या फ्रिजएवढं. वर दोन मोठे स्पूल, म्हणजे टेप गुंडाळायची चाकं, मध्ये हेड. हेड म्हणजे बोटाच्या पेराएवढा चकचकीत तुकडा, त्याच्यावरून टेप घासत जाते आणि आवाज निघतो. हे हेड टेपला अगदी काटकोनात बसलं पाहिजे. केसभर कललं तरी आवाजातली सगळी धार जाते, गाणारा तोंडावर उशी धरून गातोय असं वाटतं. त्यात आणखी पंचाईत अशी की प्रत्येक जुनी टेप वेगळ्या यंत्रावर भरलेली, प्रत्येक यंत्राचं हेड आपापल्या परीने कललेलं. म्हणजे टेप बदलली की हेड पुन्हा जुळवायचं.

दादाची जुळवायची पद्धत अशी. गाणं सुरू व्हायच्या आधी टेपवर अर्धा मिनिट रिकामी जागा असते. रिकामी म्हणजे तिथे गाणं नसतं, पण एक बारीक सूं असा आवाज असतो. बाकीचे त्याला खरखर म्हणतात आणि नावं ठेवतात. दादा ती ऐकत बारीक स्क्रूड्रायव्हरने हेडचा स्क्रू फिरवायचा. सूं उजळत उजळत जायची, एका जागी सगळ्यात उजळ व्हायची, तिथे हात थांबायचा. मोजायची साधनं होती, ती कपाटात होती. दादाचा कान त्यांच्यापेक्षा सरस आहे, हे त्याच्या धंद्यातले लोक मान्य करत. त्याच खोलीत कोपऱ्यात संगणकावर काम करणारा इंजिनिअर होता, चाळिशीतला, त्याला सगळे डिजिटल म्हणत. तो तर दादाने स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की देवळात उभं राहावं तसा उभा राहायचा.

दादाला स्टुडिओत चाळीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा मालकांनी सत्कार ठरवला. दादाला म्हणाले, ‘दोन शब्द बोला.’ दादाने विचारलं, ‘कुठले दोन?’ मालकांना वाटलं तो विनोद करतोय. दादाने आठवडाभर विचार केला आणि भाषणाऐवजी बारा ओळींचं गाणं लिहून आणलं. का लिहिलंस असं विचारलं तर म्हणाला, ‘बोलायला लागलो की माझं घशात अडकतं. स्टुडिओत लोक कठीण गोष्टी गाऊनच सांगतात. चाळीस वर्षं बघतोय.’

तो कागद घेऊन दादा आधी माझ्याकडे आला. मी लाल पेन काढलं. सवय. पहिलं कडवं असं होतं:

टेप फिरते, टेप फिरते,
माझ्या हाती टेप फिरते,
गाण्याआधी कान लावता
बारीक सूं ऐकू येते.

‘टेप नको,’ मी म्हटलं. ‘फीत म्हण. फीत गोड वाटते.’

‘फीत केसांना बांधतात,’ दादा म्हणाला. ‘ही टेप आहे.’

मी टेप राहू दिली. दुसरं कडवं त्याच्या जिवाभावाचं होतं:

चुकलं तर मग पुन्हा पहिलं,
नको मला ती जोडाजोड,
घाम गाळुनी जमलं कडवं
त्याचीच मजला भारी ओढ.

हे त्याचं खरं प्रेम. टेपवर गाणं घ्यायचं तर गायकाला आख्खं गावं लागायचं. शेवटच्या ओळीत चूक झाली तरी पुन्हा पहिल्यापासून. अकरा अकरा वेळा गाऊन लोक घामाघूम व्हायचे, दादाला शिव्या द्यायचे, आणि बाराव्या वेळी असं गायचे की स्वतःच थक्क व्हायचे. डिजिटल मात्र एक ओळ सकाळची, एक दुपारची, एक दुसऱ्याच दिवसाची अशी जोडून गाणं तयार करायचा. दादाला याचा राग होता असं नाही. त्याची तक्रार एकच, ‘जोडलेल्या गाण्यात बाई दोनदा श्वास घेते. एवढा श्वास कुणाला लागत नाही.’

तिसरं कडवं मी त्या दिवशी वाचलं, डोक्यावरून हात फिरवावा तसं वाचलं आणि ‘छान आहे, गूढ आहे’ असं म्हणून कागद परत दिला. दादा म्हणाला, ‘गूढ?’ मी म्हटलं, ‘मी सभेत समजावून सांगते सगळ्यांना. तू काळजी करू नकोस.’ तो म्हणाला, ‘तू सांगितलंस तर बरंच होईल.’ त्याच्या चेहऱ्यावर ओझं उतरल्यासारखं काहीतरी दिसलं. मी ते लेखकाचं समाधान समजले.

सत्काराला दोनशे माणसं होती. पेटीवाल्याने चाल लावली होती, एका गायिकेने गाणं म्हटलं. मग मी उठले आणि बावीस मिनिटं बोलले. फिरणारी टेप म्हणजे कालचक्र, हे मी सांगितलं. पुन्हा पहिल्यापासून गाणं म्हणजे माणसाची साधना. मग तिसरं कडवं मी स्वतः म्हणून दाखवलं:

पूर्वी यायची, हल्ली नाही,
सूं ती गेली कुण्या गावा?
टेपही तीच, यंत्रही तेच,
दोष कुणाचा मग समजावा?

सूं म्हणजे अनाहत नाद, मी म्हटलं. कोणी न छेडता वाजणारा. यंत्रयुगाच्या गोंगाटात तो हरवला आहे. साधनं तीच आहेत, पण आतला ओलावा आटला. आणि दोष कुणाचा? तर तुमचा, माझा, आपल्या सर्वांचा. टाळ्यांचा कडकडाट झाला. दोष सगळ्यांचा आहे म्हटलं की सभेला फार बरं वाटतं, कोणा एकाला उठून उभं राहावं लागत नाही. डिजिटलने तर डोळे पुसले. तो मान खाली घालून बसला होता, आपल्यामुळेच नाद गेला म्हणून.

घरी जाताना दादाने विचारलं, ‘तू म्हणालीस ते सगळं त्या गाण्यात आहे?’

‘आहे.’

‘मग मी लिहिलेलं कुठे गेलं?’

‘कवीला आपली कविता कधीकधी स्वतःला कळत नाही,’ मी म्हटलं. हे वाक्य मी वर्गात फार वेळा वापरलं होतं, मुलं त्यावर गप्प बसतात. दादाही गप्प बसला. शब्दांच्या बाबतीत तो मला लहानपणापासून मानायचा.

एक माणूस मात्र खरं बोलत होतं आणि ती होती माझी वहिनी. ‘यांना ऐकू येत नाही गं,’ ती पाच वर्षं म्हणत होती. ‘कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी हे पेपर वाचतायत. बटाटे करपून कोळसा झाले.’ मी म्हणायचे, ‘वहिनी, त्याला न ऐकू येणं म्हणत नाहीत, लग्न म्हणतात.’ मग आम्ही दोघी हसायचो. तिचं गजराचं घड्याळ सकाळी टीक टीक वाजायचं तेही त्याला ऐकू जायचं नाही, हे तिने सांगितलं तेव्हाही मी हसले. ज्याच्या कानाची ख्याती त्याच्याच कानाबद्दल बायको तक्रार करते, यात मला गंमत वाटत होती. आता वाटत नाही.

त्या सभेला माई आल्या होत्या. माई म्हणजे एक्याऐंशी वर्षांच्या गायिका. एके काळी त्यांच्या गाण्याला सभागृहं भरत, मग लग्न, आजारपण, नवऱ्याच्या गावोगावी बदल्या, आणि गाणं मागे पडलं. त्यांच्या पलंगाखाली ट्रंकेत चाळीस टेप होत्या, वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासूनच्या. त्यांचा आवाज जगात तेवढाच शिल्लक होता. माझं भाषण ऐकून त्यांचं मन भरून आलं आणि दुसऱ्याच आठवड्यात ट्रंक स्टुडिओत आली. ‘ज्याला सूं एवढी कळते त्याच्याच हाती देते,’ त्या म्हणाल्या. या टेप संगणकावर उतरवून द्यायच्या होत्या. गाण्यांचे अर्थ लिहून एक पुस्तिका करायचं काम मला मिळालं. दोन्ही कामं एकाच घरात आली म्हणून आम्हाला आनंद झाला.

टेपांची अवस्था वाईट होती. वरचा तपकिरी लेप सुटत आला होता. दादा एकेक टेप आठ तास कोमट पेटीत सुकवायचा, मग यंत्रावर चढवायचा. त्यानंतर ती एकदाच वाजायची. वाजता वाजता लेप हेडवर भुकटी होऊन उतरायचा, आणि शेवटी स्पूलवर नुसतं प्लॅस्टिक उरायचं. दादाने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘प्रत्येकीला एकच फेरी. हेड जुळलं तर जुळलं.’ मी ते वहीत लिहून घेतलं आणि पुस्तिकेच्या प्रस्तावनेत त्यावर जीवनाच्या क्षणभंगुरतेबद्दल दोन परिच्छेद लिहिले.

सात महिन्यांत सहा टेप झाल्या. दादा एवढा रेंगाळणारा नव्हे. कधी म्हणे पेटी नीट तापत नाही, कधी म्हणे आज हवा दमट आहे. स्क्रू फिरवताना तो आता डोळे मिटून घ्यायचा आणि पुष्कळ वेळ घ्यायचा. डिजिटल मला हळूच म्हणाला, ‘बघा, समाधी लागलीय.’ मीही बघितली समाधी.

मग एके दिवशी सकाळी माई जिना चढून वर आल्या. सायकलवाल्याने त्यांना हात धरून आणलं. ‘झालंय तेवढं ऐकवा,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्याकडे वेळ कमी आहे, हे मी गाण्यातून वगैरे सांगत नाही.’

डिजिटलने संगणकावर उतरवलेली पहिली टेप लावली. एकोणिसाव्या वर्षीची. माई खुर्चीत ताठ बसल्या, हात मांडीवर. गाणं सुरू झालं. सूर बरोबर होता, ताल बरोबर होता, आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा. मी तो आधी ऐकला होता आणि जुनी टेप म्हणून सोडून दिला होता. माई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘दुसरी.’ दुसरीही तशीच. तिसरी अर्धी झाली तेव्हा त्यांनी हात वर केला.

‘अशी गात होते होय मी,’ त्या म्हणाल्या.

डिजिटलने आवाज बंद केला.

‘मला आपलं वाटत होतं, माझा आवाज चांगला होता. साठ वर्षं त्याच भरवशावर काढली. म्हटलं, गाणं सुटलं, पण एके काळी आपण काहीतरी होतो.’ त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. ‘लोक वाहवा करायचे ते तोंडदेखलं असणार. वय एकोणीस, बोलणार तरी काय लोक. असो. तुम्ही कष्ट घेतलेत, दादा. पण बाकीच्या राहू द्या. चौतीस वेळा हेच कशाला ऐकायचं? ट्रंक पाठवून द्या, मी टाकून देते.’

आणि त्या उठायला लागल्या. मी त्यांना थोपवायला काहीतरी सुंदर बोलणार होते, ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात दादा म्हणाला, ‘माई, बसा. तुमचा आवाज असा नव्हता. माझा कान गेला आहे.’

माई बसल्या.

‘बारीक आवाज मला चार-पाच वर्षांपासून कमी ऐकू येतात. आता सूं अजिबात ऐकू येत नाही. मी हेड अंदाजाने लावलं. ते चुकलं आहे. म्हणून तुम्ही अशा ऐकू येताय.’

डिजिटल म्हणाला, ‘मला संगणकाच्या आलेखावर दिसत होतं, दादा. वरच्या अंगाला, बारीक आवाजांच्या जागी, काहीच नव्हतं. मला वाटलं जुन्या टेप आहेत.’

‘मग विचारलं का नाहीस?’

‘तुम्हाला? मी?’

मी दादाला म्हटलं, ‘अरे, पण तू कोणाला सांगितलं का नाहीस?’ माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला होता.

‘सांगितलं की,’ दादा म्हणाला. ‘दोनशे माणसांसमोर सांगितलं. माइकवर.’

मला आधी कळलंच नाही. माईंना कळलं. त्यांनी मान थोडी तिरकी केली आणि चालीसकट म्हणायला सुरुवात केली, ‘पूर्वी यायची, हल्ली नाही...’ चारही ओळी म्हटल्या. एक्याऐंशीव्या वर्षी सुद्धा काय आवाज होता तो! मग त्या माझ्याकडे वळल्या. डिजिटलही माझ्याकडे बघत होता. सायकलवाला दारात उभा होता, त्याला गाणं माहीत नव्हतं, पण सगळे बघतायत म्हणून तोही बघायला लागला. टेप तीच, यंत्र तेच, मग दोष कुणाचा. पाचवीतल्या पोराने उत्तर दिलं असतं. मी बावीस मिनिटं बोलले होते आणि उत्तर सोडून सगळं बोलले होते.

‘अनाहत नाद,’ माई म्हणाल्या. रागाने नाही. नुसतंच.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय हे मी मुलांना वाक्यात उपयोग करून दाखवायचे. त्या दिवशी वाक्याची गरज पडली नाही. तरी माणूस स्वतःवरचं दुसऱ्यावर ढकलायला बघतोच. मी दादाला म्हटलं, ‘मी चुकले. पण तुला तर माहीत होतं ना? मग या सहा टेप का लावल्यास?’

दादाने विचार केला. त्याला उत्तर द्यायच्या आधी विचार करावा लागतो, कारण तो खरं उत्तर शोधतो. ‘मला वाटलं, सगळ्यांना सांगून झालंय. तरी माईंनी टेप दिल्या. म्हणजे चालत असेल.’ मग म्हणाला, ‘नाही. हे खरं नाही. तू सांगितलेला अर्थ कोणी खोडला नाही, ते मला सोयीचं होतं. मला स्क्रूड्रायव्हर दुसऱ्याच्या हातात द्यायचा नव्हता. चाळीस वर्षं ते मी करतोय. मला दुसरं काही येत नाही.’

हे बोलताना त्याचे डोळे भरले होते. मी माझ्या भावाला आई गेली त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तसं बघितलं. मला त्याचा राग आला होता, त्याची कीवही येत होती, आणि त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं. आमच्या घरात तशी पद्धत नाही, म्हणून मी त्याला पाण्याचा ग्लास दिला.

माईंनी विचारलं, ‘मग मी कशी गात होते?’

‘मला माहीत नाही,’ दादा म्हणाला. ‘मला ऐकू येत नाही.’

‘त्या सहा पुन्हा नाही का होणार?’

‘नाही. त्यांच्यावर आता काही उरलं नाही.’

माईंनी बोटांवर हिशेब केला. एकोणिसावं, विसावं आणि एकविसावं वर्ष त्या सहा टेपांत होतं. मग म्हणाल्या, ‘सातवी लावा. मी ऐकल्याशिवाय घरी जाणार नाही.’

सातवी सुकवायची होती, म्हणून त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा जिना चढल्या. कपाटातली मोजायची साधनं पडून पडून केव्हाच बंद पडली होती, म्हणून प्रश्न होता कान कोणाचा. डिजिटलला टेप उतरवून घ्यायला संगणकाशी बसणं भाग होतं. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, ‘पाच वर्षं मी घसा कोरडा केला, माझं कोणी ऐकलं नाही. आता मी कुणाचं ऐकत नाही.’ हे तिचं रास्त होतं. राहिले मी. दादाने वहिनीचं टीकटीक घड्याळ आणलं, ते उशीखाली ठेवून माझी परीक्षा घेतली आणि मला जेमतेम पास केलं.

मी हेडफोन लावून यंत्रासमोर बसले. माझ्या हाताखाली काही नव्हतं, शब्द नव्हते, कागद नव्हता. दादाने टेप सुरू केली, स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. सूं आली. इतक्या वर्षांत मी ती पहिल्यांदा ऐकत होते.

‘काय ऐकू येतंय?’

‘दूर कुठेतरी पाऊस पडतोय तशी एक...’

‘पाऊस नको,’ दादा म्हणाला. ‘वाढली की कमी झाली?’

‘कमी.’

त्याने हात उलटा फिरवला. ‘आता?’

‘वाढली.’

‘आता?’

‘आणखी वाढली. आणखी. थांब, कमी झाली. मागे. मागे. हां. इथे.’

‘नक्की?’

अर्ध्या मिनिटातली पाच-सात सेकंदं उरली असतील. एकतीस वर्षांत मला कोणी ‘नक्की?’ असं विचारलं नव्हतं. ‘नक्की,’ मी म्हटलं. दादाने स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला.

डिजिटलने स्पीकर मोठा केला आणि माई गायला लागल्या. बाविसाव्या वर्षीच्या माई. तो आवाज कसा होता ते मी लिहिणार नाही, उपमा शोधायला लागले तर पुन्हा घोळ होईल. चांगला होता. फार चांगला होता. डिजिटल खुर्चीतून उठून उभा राहिला. दादा स्पीकरकडे बघतच नव्हता. तो आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघत होता, माईंच्या, माझ्या, डिजिटलच्या, पुन्हा माईंच्या, आणि तिथून त्याला जेवढं कळत होतं तेवढं घेत होता.

गाणं संपलं. माईंच्या गालावरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. ‘ही मी,’ त्या म्हणाल्या. ‘हीच.’

दादाने मान हलवली. मग तो कपाटाकडे गेला, पहिल्या सहा टेपांचे डबे काढले, टेबलावर ओळीने मांडले आणि जाड पेनाने एकेका डब्यावर लिहायला बसला. मी म्हटलं, ‘माझंही नाव घाल.’ तो म्हणाला, ‘स्क्रू तू फिरवला नव्हतास.’ सहा डब्यांवर लिहून झालं तेव्हा माईंनी विचारलं, काय लिहिलंय. त्यांचा चष्मा ओला होता, म्हणून मी वाचून दाखवलं, ‘या टेपचा आवाज मंद उतरला आहे. हेड चुकीचं लावलं होतं, चूक माझी. माई याहून उजळ गात होत्या.’ खाली सही आणि तारीख.

माईंनी ते ऐकलं. मग म्हणाल्या, ‘पुष्कळ.’

‘काय?’ दादाने विचारलं. त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं.

‘पुष्कळ उजळ, असं लिहा,’ माई मोठ्याने म्हणाल्या.

दादाने पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि सहाही डब्यांवर ‘उजळ’च्या आधी, ओळीच्या वर, ‘पुष्कळ’ लिहिलं.